पीटर डिबाय : मिठाच्या पाण्यापासून सूर्याच्या गाभ्यापर्यंत



अकरावीच्या रसायनशास्त्रात पाण्याच्या रेणूचं द्विध्रुव आघूर्ण १.८५ डिबाय असं आपण लिहितो आणि पुढे जातो. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने मध्येच हात वर करून विचारलं की सर, हे डिबाय म्हणजे नुसतं एकक की कुणी माणूस? प्रश्न अगदी रास्त होता. न्यूटन, ज्यूल, वॅट ही माणसं होती हे सगळ्यांना माहीत असतं, डिबाय मात्र एककातच अडकून राहतो. तेव्हा आज आपण पीटर डिबाय यांच्या जीवनाची माहिती पाहणार आहोत. त्यांनी पाण्यात विरघळलेल्या मिठासाठी मांडलेला एक विचार पुढे थेट सूर्याच्या गाभ्यात कसा लागू पडला, तेही जरा सविस्तर बघू. सूर्यातल्या अणुकेंद्रकांच्या अभिक्रिया किती वेगाने होतात याचा हिशोब आजही या माणसाचं नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

बालपण आणि शिक्षण

पीटर डिबाय यांचा जन्म २४ मार्च १८८४ रोजी नेदरलँड्समधील मास्त्रिख्त या गावी झाला. वडील एका कारखान्यात मुकादम होते, आई तिथल्या नाट्यगृहात तिकिटांच्या पैशांचा हिशोब सांभाळायची. घरची परिस्थिती बेताचीच. मास्त्रिख्त हे अगदी सीमेवरचं गाव. जर्मनीतलं आखेन तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर. आखेनच्या तंत्रविद्यालयात डिबाय यांनी प्रवेश घेतला आणि १९०५ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. म्हणजे हा पुढचा नोबेल विजेता रसायनशास्त्रज्ञ मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर!

आखेनमध्ये त्यांना आर्नोल्ड सोमरफेल्ड हे गुरू भेटले. सोमरफेल्ड १९०६ मध्ये म्युनिकला गेले तेव्हा या हुशार विद्यार्थ्याला सहायक म्हणून सोबत घेऊन गेले. १९०८ मध्ये डिबाय यांनी प्रकाशाच्या दाबावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. सोमरफेल्ड यांच्या हाताखालून पुढे हायझेनबर्ग, पाउली, बेथे असे कितीतरी मोठे शास्त्रज्ञ तयार झाले, पण त्या रांगेत सुरुवातीलाच उभे होते ते डिबाय.

१९११ मध्ये आइन्स्टाइन झुरिक विद्यापीठ सोडून प्रागला गेले. त्यांच्या रिकाम्या जागेवर सत्तावीस वर्षांच्या डिबाय यांची नेमणूक झाली. पण तिथे ते फार रमले नाहीत. १९१२ मध्ये उट्रेख्त, १९१४ मध्ये गॉटिंगेन, १९२० मध्ये पुन्हा झुरिक, १९२७ मध्ये लाइपझिग आणि मग बर्लिन. बदलीच्या नोकरीतल्या माणसासारखी ही यादी आहे. प्रत्येक ठिकाणी काही वर्षं राहायचं, एखादा मोठा प्रश्न सोडवायचा आणि पुढच्या गावाला निघायचं, असं त्यांचं चाललेलं दिसतं.

१९१२ हे वर्ष तर कमालीचं. त्या एकाच वर्षात त्यांनी दोन कामं केली. थंड होत जाणाऱ्या घनपदार्थाची उष्मा धारण करण्याची क्षमता कशी घटत जाते याचा सिद्धांत मांडला. आणि काही रेणूंमध्ये धन आणि ऋण प्रभाराची केंद्रं कायमची एकमेकांपासून सरकलेली असतात, हेही दाखवलं. यातल्या दुसऱ्या कामामुळेच द्विध्रुव आघूर्णाच्या एककाला त्यांचं नाव मिळालं. गॉटिंगेनला पाउल शेरर या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी पदार्थाच्या भुकटीवर क्ष-किरण टाकून त्याची स्फटिकरचना ओळखायची पद्धत शोधली. त्याआधी मोठा, निर्दोष स्फटिक हाताशी असावा लागे. आता चिमूटभर पूड पुरेशी झाली. औषधनिर्मितीपासून सिमेंटच्या प्रयोगशाळेपर्यंत ही पद्धत आजही रोज वापरली जाते.

मिठाच्या पाण्याचा प्रश्न

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात हे आपल्याला आठवीपासून माहीत आहे. म्हणजे मिठाचे जितके कण टाकले त्याच्या दुप्पट कण पाण्यात तयार होतात. गोठणबिंदू किती खाली येतो हे कणांच्या संख्येवर अवलंबून असतं. त्यामुळे मिठाचा परिणाम, न फुटणाऱ्या साखरेसारख्या पदार्थाच्या बरोबर दुप्पट यायला हवा. प्रत्यक्षात तो येत नाही. किलोभर पाण्यात ०.१ मोल मीठ टाकलं तर परिणाम दुप्पट न येता सुमारे १.८७ पट येतो. द्रावण जितकं पातळ करत जाल तितका तो दोनच्या जवळ सरकतो.

मग उरलेले कण जातात कुठे? त्या काळी बऱ्याच जणांना वाटायचं की काही मीठ न फुटता तसंच राहत असेल. इथे एका भारतीय शास्त्रज्ञाची आठवण काढलीच पाहिजे. कोलकात्याचे ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये असं मांडलं की मीठ पूर्णच फुटतं, पण आयन एकमेकांना विद्युत बलाने ओढून धरतात आणि म्हणून त्यांचा परिणाम कमी दिसतो. युरोपात या कामाची चांगली दखल घेतली गेली. हेच घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. घोष यांनी मात्र द्रावणातले आयन स्फटिकासारखे ठरावीक जागी मांडलेले असतात असं गृहीत धरलं होतं आणि तिथे हिशोब अडला. आयन तर सतत धावपळ करत असतात.

डिबाय आणि त्यांचा सहायक एरिख ह्यूकल यांनी १९२३ मध्ये झुरिकला ही अडचण सोडवली. त्यांचा विचार समजायला एक चित्र डोळ्यांसमोर आणा. गावच्या जत्रेत रात्री मोकळ्या मैदानात पेट्रोमॅक्सची बत्ती ठेवली आहे. मैदान रिकामं असेल तर तिचा उजेड लांबपर्यंत जातो, अंतराप्रमाणे हळूहळू मंद होतो. आता त्या उजेडाकडे माणसं ओढली गेली आणि बत्तीभोवती कोंडाळं झालं. माणसं एका जागी उभी नाहीत, येतात-जातात, पण सरासरीने बत्तीजवळ गर्दी जास्तच. लांब उभ्या असलेल्याला आता उजेड फारच कमी दिसतो. बत्ती तीच, पण तिला आडोसा झाला.

द्रावणातला प्रत्येक धन आयन म्हणजे अशी एक बत्ती. त्याच्याजवळ ऋण आयन थोडे जास्त घुटमळतात, धन आयन थोडे कमी. उष्णतेमुळे सगळे इकडेतिकडे पळत असतात म्हणून ही रचना घट्ट नसते, नुसता एक विरळ ढग असतो. या ढगाचा एकूण प्रभार मधल्या आयनाच्या प्रभाराएवढाच, पण उलट चिन्हाचा. त्यामुळे दुरून पाहिलं तर आयन जवळजवळ प्रभारहीन भासतो. या परिणामाला स्क्रीनिंग म्हणतात आणि हा आडोसा साधारण किती अंतरावर पूर्ण होतो त्या अंतराला डिबाय लांबी म्हणतात.

ही लांबी कशावर अवलंबून असते तेही बघा. तापमान जास्त असेल तर कण जोरात पळतात, ढग पसरतो, लांबी वाढते. कणांची गर्दी जास्त असेल तर आडोसा लवकर पूर्ण होतो, लांबी कमी होते. दोन्हीकडे वर्गमूळ येतं. घनता चौपट केली की लांबी निम्मी. लिटरमागे ०.१ मोल मीठ असलेल्या पाण्यात ही लांबी एक नॅनोमीटरच्या आसपास येते. म्हणजे तीन-चार पाण्याचे रेणू शेजारी शेजारी ठेवले तर जेवढं अंतर होईल तेवढीच.

या सिद्धांतात एक उणीव राहिली होती आणि ती एका पोरगेल्या विद्यार्थ्याने काढली. १९२५ मध्ये नॉर्वेचा लार्स ओन्सागर झुरिकला आला, थेट डिबाय यांच्या खोलीत गेला आणि विजेच्या वहनाबद्दलचा तुमचा हिशोब चुकला आहे असं त्यांना सांगितलं. ढगाच्या मधला आयन स्वतःही वेडावाकडा हलतो, हे डिबाय यांनी धरलं नव्हतं. डिबाय यांनी ऐकून घेतलं, तपासून पाहिलं आणि त्या तरुणाला आपल्याकडे सहायकाची जागा दिली. ओन्सागर यांना १९६८ मध्ये नोबेल मिळालं. मला स्वतःला डिबाय यांच्या आयुष्यातला हा प्रसंग फार आवडतो.

झुरिकचीच आणखी एक गोष्ट फेलिक्स ब्लॉख यांनी नंतर सांगितली आहे. डिबाय यांनी चर्चासत्रात श्रोडिंगर यांना दी ब्रॉय यांच्या तरंगकल्पनेवर बोलायला लावलं. बोलणं संपल्यावर डिबाय यांनी सहज शेरा मारला की तरंगांबद्दल बोलायचं तर आधी तरंगाचं समीकरण हवं. काही आठवड्यांनी श्रोडिंगर समीकरण घेऊनच आले. बारावीला जे श्रोडिंगरचं समीकरण येतं ते हेच!

बर्लिन आणि ते पत्र

लाइपझिगची वर्षं शांततेत गेली. तिथे हायझेनबर्गही होते. १९३० च्या दशकाच्या मध्यावर डिबाय बर्लिनच्या कैसर विल्हेल्म भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक झाले. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून तिथे नवी इमारत उभी राहिली. आपलं डच नागरिकत्व त्यांनी सोडलं नाही. १९३६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. ते द्विध्रुव आघूर्ण आणि वायूंमधल्या क्ष-किरण व इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनातून रेणूंची रचना शोधल्याबद्दल होतं.

पण हा काळ हिटलरचा होता. ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढलं जात होतं. आइन्स्टाइन देश सोडून गेले होते. १९३७ मध्ये डिबाय जर्मन भौतिकशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले.

इथून पुढचं नीट वाचा, कारण यात दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या आहेत. जुलै १९३८ मध्ये लीझ माइटनर या ज्यू वंशाच्या शास्त्रज्ञेला जर्मनीतून गुपचूप बाहेर काढण्यात आलं. पकडल्या गेल्या असत्या तर काय झालं असतं ते सांगायला नको. त्यांना न्यायला हॉलंडहून डिर्क कोस्टर आले होते, आणि कोस्टर यांच्याशी निरोपानिरोपी करणाऱ्यांत डिबाय होते. जीव धोक्यात घालणारं काम होतं ते. त्यानंतर काही महिन्यांतच माइटनर यांनी भाचा ओटो फ्रिश यांच्याबरोबर युरेनियमच्या केंद्रकाचे तुकडे का होतात याचा उलगडा केला.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेल्यानंतर महिनाभराने, संघटनेचे अध्यक्ष म्हणून डिबाय यांनी सदस्यांना एक पत्र पाठवलं. परिस्थितीचा दाखला देऊन त्यात जर्मनीतल्या ज्यू सदस्यांना संघटना सोडायला सांगितलं होतं आणि शेवटी हिटलरच्या नावाचा त्या काळचा सरकारी जयघोष होता. त्याखाली सही डिबाय यांची.

वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात, मग ते चांगले होते की वाईट? मी उत्तर देत नाही, पण एक गोष्ट मात्र सांगतो. हे पत्र लिहायचं की पद सोडायचं असा प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि त्यांनी पत्र लिहिलं. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की संघटना वाचवण्यासाठी त्यांनी हा शेवटपर्यंत लांबवलेला निर्णय घेतला. असेल. पण ज्यांच्या हातात ते पत्र पडलं त्यांना संघटना वाचल्याचं काय सुखदुःख?

१९३९ च्या शरद ऋतूत युद्ध सुरू झालं आणि लष्कराने युरेनियमच्या कामासाठी बर्लिनची संस्था ताब्यात घेतली. डिबाय यांना सांगण्यात आलं की जर्मन नागरिक व्हा नाहीतर संस्थेत येऊ नका. त्यांनी नागरिकत्व घेतलं नाही. रजा घेतली आणि जानेवारी १९४० मध्ये ते अमेरिकेला निघाले. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात, त्यांना व्याख्यानांचं आमंत्रण होतं. ते परत गेलेच नाहीत. पत्नी मागाहून आली, मुलगा अमेरिकेतच होता. मुलगी मात्र बर्लिनमध्ये राहिली. अमेरिकेतही सगळ्यांनी त्यांचं मोकळ्या मनाने स्वागत केलं असं नाही. १९४० मध्ये खुद्द आइन्स्टाइन यांनी त्यांच्याबद्दलची शंका कॉर्नेलला कळवली होती आणि सरकारी चौकशीही झाली. कॉर्नेलने त्यांना ठेवून घेतलं. ते रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. युद्धकाळात त्यांनी कृत्रिम रबराच्या लांबलचक रेणूंवर काम केलं आणि १९४६ मध्ये अमेरिकन नागरिकत्व घेतलं.

सूर्याच्या गाभ्यात तोच ढग

आता योगायोग बघा. त्याच कॉर्नेलमध्ये, भौतिकशास्त्र विभागात, हान्स बेथे होते. आई ज्यू असल्यामुळे त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. सूर्य कशावर जळतो याचं उत्तर बेथे यांनी १९३८-३९ मध्ये दिलं होतं : हायड्रोजनची केंद्रकं जोडली जाऊन हीलियम बनतो. बेथे यांच्याकडे १९४९ मध्ये एडविन सालपेटर हा तरुण आला. त्याचा जन्म व्हिएन्नाचा. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याचं ज्यू कुटुंब पळून ऑस्ट्रेलियात गेलं होतं. १९५४ मध्ये, कॅनबेराच्या मुक्कामानंतर, सालपेटर यांचा एक शोधनिबंध ऑस्ट्रेलियाच्या भौतिकशास्त्र नियतकालिकात छापून आला. त्यात डिबाय आणि ह्यूकल यांचा मिठाच्या पाण्याचा ढग सूर्यात नेऊन ठेवला होता.

कसा, ते पाहू. सूर्याच्या गाभ्याचं तापमान सुमारे दीड कोटी केल्विन आणि घनता पाण्याच्या दीडशे पट. एवढ्या उष्णतेत हायड्रोजन आणि हीलियमच्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून जातात आणि मोकळी केंद्रकं व मोकळे इलेक्ट्रॉन यांची खिचडी उरते. हिलाच प्लाझ्मा म्हणतात. थोडक्यात, पाणी नसलेलं मिठाचं पाणीच म्हणा ना!

दोन प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. ते चिकटायचे तर अगदी स्पर्शाइतके जवळ यावे लागतात आणि त्यासाठी दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जेचा डोंगर चढावा लागतो. सूर्यातल्या प्रोटॉनकडे उष्णतेची ऊर्जा असते जेमतेम तेराशे इलेक्ट्रॉन व्होल्ट. डोंगर चढणं अशक्यच. मग अभिक्रिया होते कशी? जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये दाखवलं की पुंज यांत्रिकीनुसार कण डोंगराच्या पोटातून, जणू बोगद्यातून, पलीकडे जाऊ शकतो. फार क्वचित, पण जाऊ शकतो. सूर्यातला एखादा प्रोटॉन त्यासाठी सरासरीने अब्जावधी वर्षं वाट बघतो. सूर्य इतका सावकाश जळतो म्हणून तर पृथ्वीवर जीवसृष्टीला वेळ मिळाला.

आता यात ढग आणा. प्रत्येक प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉन किंचित जास्त आणि इतर केंद्रकं किंचित कमी आहेत. सूर्याच्या गाभ्यात डिबाय लांबी सुमारे ०.०२२ नॅनोमीटर येते, म्हणजे साध्या हायड्रोजन अणूच्या त्रिज्येच्या निम्म्याहूनही कमी. पण ज्या अंतरावरून प्रोटॉन बोगद्यात शिरतो ते अंतर याच्याही सुमारे शंभर पट लहान आहे. म्हणजे बोगद्यात शिरताना दोन्ही प्रोटॉन एकाच ढगाच्या अगदी मध्यावर असतात. तिथे ढगाचा परिणाम एवढाच होतो की डोंगर सगळीकडून सारखाच थोडासा खाली बसतो.

किती खाली? वहीत करून बघता येईल. दोन एकक प्रभार एक डिबाय लांबीवर ठेवले तर त्यांची स्थितिज ऊर्जा साधारण ६५ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. डोंगर तेवढा खचला. आता ६५ ला उष्णतेच्या तेराशेंनी भागा. उत्तर ०.०५. सालपेटर यांच्या सूत्रानुसार या भागाकाराचा घातांकी फलनात घात घेतला की अभिक्रियेचा वेग किती पट झाला ते मिळतं. ०.०५ साठी ते १.०५ येतं. म्हणजे आडोशामुळे दोन प्रोटॉनांची अभिक्रिया सुमारे ५ टक्के वेगाने होते.

पाच टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण प्रभार वाढला की गोष्ट बदलते, कारण भागाकारात दोन्ही केंद्रकांच्या प्रभारांचा गुणाकार येतो. बेरिलियमच्या केंद्रकावर प्रोटॉन आदळतो तेव्हा हा गुणाकार ४, म्हणून वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. नायट्रोजनसाठी तो ७, तिथे वाढ ३० ते ४० टक्क्यांच्या घरात जाते. बेरिलियमच्या त्या अभिक्रियेतूनच सूर्याचे सगळ्यात जास्त ऊर्जेचे बरेचसे न्यूट्रिनो निघतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जमिनीखालच्या टाकीत न्यूट्रिनो मोजले गेले आणि ते अपेक्षेपेक्षा फारच कमी भरले, तेव्हा शास्त्रज्ञांनी गणितातला एकेक आकडा पुन्हा तपासला. त्यात हा आडोशाचा आकडाही होता. तो निर्दोष सुटला. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात हे खरं कारण पुढे सापडलं.

एक शंका हुशार विद्यार्थ्याला आली असेल. पाच टक्क्यांनी वेग वाढला तर सूर्य पाच टक्के जास्त तळपायला नको का? नाही. सूर्याला आपलं वजन तोलायचं असतं आणि पृष्ठभागावरून जितकी ऊर्जा बाहेर जाते तितकीच आत बनवायची असते. अभिक्रिया सोपी झाली तर गाभा किंचित कमी तापमानावर भागवून घेतो. चूल चांगली पेटली की आपण लाकूड मागे ओढतो, तसंच काहीसं. फक्त इथे लाकूड ओढणारं कोणी नाही, गुरुत्वाकर्षणच ते काम करतं.

या हिशोबावर पुढे वादही झाले, आणि ते उगाच नव्हते. गणित केलं तर सूर्यात डिबाय लांबीएवढ्या गोलात इलेक्ट्रॉन असतात फक्त दोन-चार! दोन-चार कणांचा कसला ढग? शिवाय अभिक्रिया घडवणारे प्रोटॉन सरासरीपेक्षा बरेच वेगवान असतात; जड केंद्रकांचा ढग त्यांच्यामागे धावू शकेल का? १९८० च्या दशकापासून या मुद्द्यावर बरंच लिहिलं गेलं. जॉन बाकॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वेगवेगळ्या मार्गांनी हिशोब करून सालपेटर यांचं सूत्र सूर्यासाठी बरोबर ठरतं असं दाखवलं. गोम अशी की ढग म्हणजे एका क्षणाचा फोटो नाही. असंख्य क्षणांची ती सरासरी आहे. आणि समतोलात असलेल्या प्लाझ्मामध्ये कण कुठे आहे आणि किती वेगात आहे या दोन गोष्टींच्या संभाव्यता वेगवेगळ्या असतात. तरी सगळ्यांचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही.

सूर्य सोडून श्वेत बटू ताऱ्यांकडे गेलं तर हे सगळं उलटंपालटं होतं. तिथे घनता पाण्याच्या लाखो-कोटी पट. विरळ ढगाचं चित्र तिथे चालतच नाही, केंद्रकं जवळजवळ स्फटिकासारखी रांगेत बसतात आणि आडोशामुळे वेग टक्क्यांनी नाही तर अनेक पटींनी वाढतो. रांगेत बसलेले आयन म्हणताच ज्ञानचंद्र घोष आठवले की नाही?

शेवटची वर्षं

डिबाय १९५२ मध्ये निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा सुटली नाही. मोठ्या रेणूंवरून प्रकाश कसा विखुरतो यावर ते शेवटपर्यंत काम करत राहिले. या कामात त्यांचा मुलगाही त्यांच्यासोबत होता. बागकाम आणि मासे पकडणं हे त्यांचे छंद. २ नोव्हेंबर १९६६ रोजी इथाका येथे हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, २००६ मध्ये, डच पत्रकार-लेखक सिबे रिस्पेन्स यांच्या पुस्तकातून १९३८ चं ते पत्र लोकांसमोर गाजलं. उट्रेख्त विद्यापीठाने आपल्या डिबाय संस्थेचं नाव काढून टाकलं. मास्त्रिख्त विद्यापीठ त्यांच्या नावाच्या पुरस्कारातून बाहेर पडलं. कॉर्नेलने स्वतः चौकशी करून नाव ठेवायचं ठरवलं. नेदरलँड्समध्ये इतिहासकारांनी कागदपत्रं धुंडाळली, एक समिती बसली, आणि २००८ मध्ये तिच्या शिफारशीनंतर उट्रेख्तने डिबाय हे नाव पुन्हा लावलं. पत्र मात्र जिथे होतं तिथेच, अभिलेखागारात आहे.

गृहपाठ : हीलियमची दोन केंद्रकं (प्रत्येकाचा प्रभार २) सूर्याच्या गाभ्यात एकमेकांवर आली, तर आडोशामुळे अभिक्रियेचा वेग किती टक्क्यांनी वाढेल? वर दिलेला ०.०५ चा आकडा वापरा. मग तीच गोष्ट घनता चौपट आणि तापमान तेवढंच आहे असं धरून पुन्हा करा. डिबाय लांबीचं वर्गमूळ विसरू नका, मागच्या तुकडीत निम्म्या जणांचं उत्तर तिथेच चुकलं होतं.